तिरल्याची वही

इंदूरहून धारला जाणे आमच्याकडे प्रवासात मोजत नाहीत. बेटमा, घाटाबिल्लोदचा चंबळेवरील पूल, लेबड, आणि धार आलेच. तेथे टेकडीवर कालिकामातेचे दर्शन घ्यावे, देवीसागराच्या काठी घटकाभर बसावे, पवारांचा किल्ला लांबून पाहावा, ज्या किल्ल्यात १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला त्याविषयी मुलांना दोन शब्द सांगावेत आणि सूर्यास्तापूर्वी घरी परतावे, असा आमच्या घरचा वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे. धारच्या पुढे, सरदारपूरच्या वाटेवर तिरला म्हणून एक गाव आहे, हे मात्र बहुतेकांना तेथून मोटार भरधाव निघून गेल्यावरही कळत नाही.

आम्हांला ते कळते, कारण तिरल्याला आमच्या आत्याबाई राहतात. आतोबा तेथील शाळेत इतिहास शिकवीत. सेवानिवृत्तीनंतर मुलांनी इंदूरला या म्हणून आग्रह केला, परंतु आतोबा म्हणाले, "येथले पाणी अंगवळणी पडले आहे." विकासखंडाचे गाव, आसपास भिल्ल व भिलालांच्या वस्त्या, काळ्या जमिनीत पावसाळ्यात सोयाबीन व मका, हिवाळ्यात गहू. फाल्गुनात पळस फुलला की भगोरियाचे ढोल ऐकू येऊ लागतात. आत्यांच्या घरापुढे एक ओटा व ओट्याशी कडुनिंब आहे, आणि आलेल्या पाहुण्यास पोहे खाल्ल्यावाचून उठू देण्याची प्रथा नाही.

यंदा पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही उभयता तेथे चार दिवस राहून आलो. निमित्त आत्यांच्या दुखण्याचे होते.

दीड वर्षापूर्वी आत्यांना नागीण झाली. उजव्या बरगडीवर उठलेले फोड तीन आठवड्यांत वाळले, खपल्या पडल्या, आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण नागीण गेली तरी आग राहिली. लुगड्याचा पदर लागला तरी त्या कळवळत. म्हातारपणी नागिणीनंतर मज्जातंतूंची अशी वेदना महिनोन्‌महिने राहू शकते, असे धारच्या डॉक्टरांनी सांगितले व गोळ्या दिल्या. गोळ्यांनी आग थोडी उतरे, परंतु भोवळ येई. एकदा तर त्या न्हाणीघरात पडल्या. हाड मोडले नाही, हे देवाचे देणे. रात्री दोन तासांहून अधिक झोप नाही. चौऱ्याहत्तर वर्षांची ती बाई पहाटेपर्यंत ओट्यावर बसून राही, आणि शेजारी आतोबा.

अशा वेळी लंडनहून त्यांच्या नणंदेच्या मुलाचा दूरध्वनी आला. त्याला मज्जासंस्थेचा विकार असून पाय ताठरतात. ब्रिटनमध्ये १ नोव्हेंबर २०१८ पासून गांजाच्या झाडापासून केलेली औषधे तज्ज्ञ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर देण्याची मुभा झाली. सरकारी आरोग्यसेवेत ती फारच थोड्यांना मिळतात, म्हणून रुग्ण पदरचे पैसे मोजून खाजगी दवाखान्यांत जातात. तोही गेला. आधी कोणती औषधे घेतली व ती का सोडली, याची कागदपत्रे त्याच्याकडून मागितली, तज्ज्ञाने पाऊण तास विचारपूस केली, आणि मग औषध सुरू झाले. पायांचा ताठरपणा सैल झाला, असे तो सांगतो. खर्च मात्र जड जातो, हेही सांगतो. "मामी, आपल्या देशातही वैद्य हे औषध देतात, विचारा तरी," असे म्हणून त्याने फोन ठेवला.

आत्या संतापल्या. "शिवरात्रीची ठंडाई निराळी. आता म्हातारपणी मी भांग पिऊ लागू काय?" हा त्यांचा पहिला उद्गार. माळव्यात राहणाऱ्या कोणाही मराठी गृहिणीचा तोच असता. उज्जैनला महाकाळाचा भांगेने शृंगार होतो, तेथे आपण हात जोडतो. सरकारी परवान्याच्या भांगेच्या दुकानावरून जाताना मात्र मान फिरवितो. तिरल्याच्या बाजूस तर भांगेपेक्षा मोहाची दारू व ताडी यांचाच प्रघात, त्यामुळे भांग हा शब्द त्या ओसरीवर अधिकच परका.

आतोबांनी वाद घातला नाही. त्यांनी पुस्तके काढली. वाचकहो, चार दिवसांच्या मुक्कामात त्यांच्याकडून जे ऐकले, ते थोडक्यात येथे देतो. ही वनस्पती आपल्या वैद्यकात 'विजया' या नावाने आहे. शार्ङ्गधराने 'व्यवायी' द्रव्याचे, म्हणजे पचण्यापूर्वीच सर्व शरीर व्यापणाऱ्या द्रव्याचे, उदाहरण म्हणून भांग व अफू हीच दोन दिली आहेत. जातीफलादि चूर्णात ती असते, आणि शुद्ध केल्यावाचून वापरू नये असा दंडक आहे. पुढे १८३९ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक विल्यम ओशॉग्नेसी यांनी तिचे प्रयोग प्रथम प्राण्यांवर व नंतर संधिवात, धनुर्वात यांच्या रोग्यांवर करून ते प्रसिद्ध केले, आणि तेथून हे औषध विलायतेस गेले. इंग्रजी अमलात मध्यप्रांतातील गांजाची लागवड आपल्या शेजारच्या निमाडात, खंडव्याच्या बाजूसच होत असे. १८९३-९४ मध्ये सरकारने नेमलेल्या आयोगाने या विषयावर ११९३ साक्षी घेतल्या आणि असा निष्कर्ष काढला की माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो. सबब सरसकट बंदी नको, नियंत्रण असावे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने चरस व गांजा निषिद्ध ठरविले, परंतु फुलोऱ्याचे शेंडे सोबत नसतील तर नुसती पाने व बिया गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. भांग राज्याच्या अबकारी खात्याकडे राहिली. पानांपासून केलेली आयुर्वेदीय औषधे आज मिळतात ती याच वाटेने. औषधांच्या नियमांत विजयेचा समावेश विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, म्हणून ती वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावयाची.

"म्हणजे विष आहे हे सरकारही म्हणते!" आत्या म्हणाल्या.

"मात्रा चुकली तर," आतोबा म्हणाले.

शेवटी झोपेने निर्णय केला. सलग तीन रात्री डोळा लागला नाही, तेव्हा चौथ्या दिवशी आत्याच म्हणाल्या, "विचारा तुमच्या वैद्यांना."

असे दवाखाने मोठ्या शहरांत निघाले आहेत; बंगळूरला २०२० च्या फेब्रुवारीत एक उघडला, तेव्हा वृत्तपत्रांतून त्याची बरीच चर्चा झाली होती. परंतु तिरल्याच्या रुग्णाने कोठे जावे? भेट दूरध्वनीच्या पडद्यावर ठरली. घरात आवाज तुटे, म्हणून आतोबांनी गच्चीवर खुर्ची मांडली व वर छत्री धरली. छत्रीखाली बसून आत्यांनी एका अनोळखी तरुण वैद्यास आपल्या बरगडीची हकीगत सांगितली. त्याने हृदय, यकृत, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, घराण्यात कोणास मानसिक विकार, सर्व विचारले. "आधीच्या गोळ्या एकाएकी थांबवू नका. रात्री तेलाचे दोन थेंब, तेही अंथरुणावर बसून. जिना चढावयाचा नाही. दर चार दिवसांनी एक थेंब वाढवा, त्रास झाला तर मागे या." चिठ्ठी आली, मग बाटली आली. महिन्याला दोन-अडीच हजारांचा खर्च. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरास तो लहान नव्हे.

त्या दिवशी आतोबांनी शाळेतील शिल्लक राहिलेली एक वही काढून रेघा आखल्या: तारीख, थेंब, वेदना दहापैकी किती, झोप किती तास, इतर काही. ती वही आम्ही पाहिली. पहिल्या पंधरवड्यात वेदनेच्या रकान्यात आठ, आठ, सात, आठ. तिसऱ्या आठवड्यात सात. सहाव्यात सहा, आणि झोप दोनाची साडेचार तास झालेली. आत्या म्हणतात, "आग तीच आहे, पण ती थोडी लांब जाऊन बसली आहे."

सातव्या आठवड्याच्या पानावर मात्र तांबड्या शाईने एक नोंद आहे. पहिली बाटली संपली, दुसरी आली. रंग तोच, वेष्टन तेच, म्हणून थेंबही तितकेच घेतले. तासाभरात छाती धडधडू लागली, तोंडाला कोरड पडली, घर फिरते आहे असे वाटू लागले. आत्यांना वाटले, आता आपले काही खरे नाही. आतोबांनी औषध पुरविणाऱ्यांना फोन लावला. तो वाजत राहिला. सकाळी भिंग लावून पाहिले तेव्हा कळले की दुसरी बाटली अधिक तीव्रतेची होती. वैद्याचा फोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. त्याने क्षमा मागितली, पण ती रात्र त्या दोघांनी एकट्यानेच काढली होती.

आम्ही तेथे असताना धारच्या डॉक्टरांकडे गेलो, ते याच गोष्टीसाठी. वही पुढे ठेवली. ते रागावले नाहीत, पण स्पष्ट बोलले. ते म्हणाले की झटक्यांचे काही दुर्मीळ प्रकार, मज्जासंस्थेच्या एका विकारातील स्नायूंचा ताठरपणा, कर्करोगाच्या औषधांनी होणारी ओकारी, एवढ्यांसाठी या वनस्पतीतील द्रव्यांची औषधे कसोटीस उतरली आहेत. जुनाट वेदनांबाबत पुरावा तोकडा आहे. ब्रिटनच्या मार्गदर्शक संस्थेने २०१९ मध्ये जुनाट वेदनेसाठी ती सुरू करू नयेत असाच सल्ला दिला. शिवाय नागिणीनंतरची आग पुष्कळदा काळानेही ओसरते. "तेव्हा सारे श्रेय थेंबांना देऊ नका. पण तुम्ही लिहून ठेवले, हे फार चांगले केलेत. असे कोणी लिहीत नाही."

परत येताना आतोबा गाडीत बराच वेळ गप्प होते. तिरल्याची पाटी दिसली तेव्हा त्यांनी जुनी गोष्ट काढली. पेशव्यांच्या फौजेने माळव्याच्या मोगल सुभ्याचा पाडाव केला ती लढाई तिरल्यापाशी झाली, असे जुन्या इंग्रजी ग्रंथांत छापले गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या तसेच शिकविले गेले. पुढे त्या काळची पत्रे हाती आली, तेव्हा ठरले की गिरधर बहादूर व दया बहादूर चिमाजीआप्पांच्या सैन्याशी लढताना पडले ते येथून थोडे पुढे, अमझेऱ्यास, २९ नोव्हेंबर १७२८ रोजी. "माझ्या गावाचे नाव इतिहासातून गेले," आतोबा हसून म्हणाले, "पण मी मुलांना अमझेराच शिकविले. मागाहून आठवून सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो, तरी चुकतो. त्या दिवशीचा कागद पाहिजे."

घरी आल्यावर त्यांनी वहीत एक नवा रकाना आखला: बाटलीवरील तीव्रता. वैद्य व डॉक्टर या दोघांच्या संमतीने मध्यंतरी दहा दिवस थेंब बंद ठेवले होते; त्या पानांवर वेदना सात व झोप तीन तास अशी नोंद आहे. पुन्हा निम्म्या मात्रेने सुरू केल्यावर झोप चार तासांवर आली. यावरून काय सिद्ध होते? एका घरापुरते थोडेसे, जगापुरते काहीच नाही. परंतु अशा वह्या घरोघर राहिल्या आणि वैद्य-डॉक्टरांनी त्या मागून घेतल्या, तर आज ऐकीव गोष्टींवर चाललेला हा कारभार जरा पायावर उभा राहील. औषध पाठवून मोकळे होणाऱ्यांनी रात्री वाजणारा फोन उचलावा, एवढी अपेक्षाही तिरल्याच्या गच्चीवरून करावीशी वाटते.

आपल्यापैकी कोणाच्या घरी असे दुखणे असेल, तर दुकानातील भांग आणून प्रयोग करू नयेत, चालू औषधे मनाने सोडू नयेत, आणि घेत असलेले काहीही आपल्या डॉक्टरांपासून लपवू नये. आत्यांनीही लपविले होते. लाज वाटली म्हणून. धारच्या डॉक्टरांपुढे वही उघडली तेव्हा त्यांची मान खाली होती. निघताना मात्र त्यांनी स्वतःच डॉक्टरांना सांगितले, "दिवाळीपर्यंत घेऊन पाहते. मग पुन्हा दाखवीन."

आम्ही निघालो त्या पहाटे ओटा रिकामा होता. आत्या आत झोपल्या होत्या, म्हणून आतोबांनी आम्हांला हळू बोलण्याची खूण केली. पोह्यांवाचून त्या घरातून निघण्याची आमची ती पहिलीच वेळ.