वॉट पाहिले, ओम नाही

गाडीत बेस हवा म्हणून दुकानात गेलेला माणूस एकच आकडा विचारतो: वॉट किती? मीही तेच केलं. १२ इंची दोन सबवूफर घेतले. खोक्यावरचे वॉट तोंडपाठ झाले होते. चुंबकामागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत छापलेलं '४ + ४ ओम' वाचलं ते नुकसान झाल्यावर.

४ + ४ म्हणजे एकाच स्पीकरमध्ये ४ ओमच्या दोन कॉइल. दोन स्पीकर, म्हणून चार कॉइल. मी सगळ्या लाल टोकांची एक मोट बांधली, सगळ्या काळ्यांची दुसरी, आणि दोन्ही ॲम्प्लिफायरला लावल्या. घरातले दिवे असेच जोडलेले असतात, मग यात चुकण्यासारखं काय होतं? पण ४ ओमच्या चार कॉइल समांतर जोडल्या की १ ओमच उरतो. माझा ॲम्प्लिफायर दोन चॅनेलचा होता आणि मी दोन्ही चॅनेल ब्रिज केले होते, म्हणजे दोन्ही मिळून एकाच जोडणीला जुंपले होते. असं करायचं तर किमान ४ ओम हवेत, हे त्याच्याच पत्र्यावर छापलेलं होतं. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला जोडलेल्या ओमच्या निम्मेच दिसतात. म्हणजे त्या बिचाऱ्याला मी अर्ध्या ओमवर जुंपलं होतं. ओम जितके कमी तितका करंट जास्त. शॉर्ट सर्किट म्हणजे तरी दुसरं काय, जवळजवळ शून्य ओम.

फसायला होतं ते यामुळे की सुरुवातीला असं जोडलेलंही झकास वाजतं. ग्वाल्हेरच्या शिंदे की छावणीतून मी निघालो तेव्हा मागची नंबरप्लेट थरथरत होती आणि मी खूश होतो. गाडी उभी केली थेट फूलबागेशी. तिथे एकाच आवारात गोपाळ मंदिर, मोती मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज आहे. जवळच राणी लक्ष्मीबाईंची समाधी. बेस तपासायला शहरात याहून चुकीची जागा सापडली नसती. फिरायला आलेले ओळखीचे एक काका काचेवर टकटक करून म्हणाले, "काय रे, वरात कुणाची?" मी काही उत्तर देण्याआधीच आवाज बंद पडला आणि ॲम्प्लिफायरवर 'प्रोटेक्ट'चा लाल दिवा लागला.

तो दिवा म्हणजे यंत्राने हात जोडणं होतं. मला वाटलं, माल खराब निघाला. गार झाला की पुन्हा सुरू करायचा, थोड्या वेळाने पुन्हा लाल दिवा, असं चालू ठेवलं. पुढे फ्यूजच उडायला लागला, तेव्हा मी त्याहून मोठा बसवला. सगळ्यांत लाजिरवाणी चूक कोणती विचाराल तर ही. बॅटरीजवळचा फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो. वायरीला झेपेल त्याहून मोठा घातला की फ्यूज टिकतो आणि तापते वायर. माझी वायर स्वस्तातली होती, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली. जाडी तीच असूनही ती निखळ तांब्याइतका करंट वाहत नाही. डिकीत करपल्याचा वास आला तेव्हा मी बॉनेट उघडून बॅटरीची वायर सोडवली. आग लागली नाही हे नशीब. ॲम्प्लिफायर मात्र गेला.

दुरुस्ती करणाऱ्याने झाकण काढून आउटपुटचे मॉसफेट ट्रान्झिस्टर दाखवले. एकाचा कोपरा फुटून काळा पडला होता. "भाईसाहब, ओम नापे थे क्या?" त्याने विचारलं. घरी मल्टिमीटर होता. दोन मिनिटांचं काम होतं. स्पीकरच्या वायरी ॲम्प्लिफायरपासून सोडवायच्या आणि त्यांच्या टोकांना मीटर लावायचा. ४ ओमच्या कॉइलला मीटर साधारण साडेतीनच्या आसपास दाखवतो, कारण तो फक्त डीसी रेझिस्टन्स मोजतो. माझ्या मोटेवर एकाहूनही कमी आकडा आला असता.

मग दुरुस्तीनंतर नीट जोडणी केली. प्रत्येक स्पीकरच्या दोन कॉइल सिरीजमध्ये घेतल्या, म्हणजे ४ आणि ४ मिळून ८. असे दोन स्पीकर समांतर, म्हणजे पुन्हा ४. मीटरवर आकडा बरोबर आला. तरी बेस गायब! एका स्पीकरची लाल-काळी उलटी लागली होती. एक पडदा बाहेर येई तेव्हा दुसरा आत जाई, आणि दोघे एकमेकांची हवा खाऊन टाकत. हे मीटर सांगत नाही. ते दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावं लागतं: सेलचं अधिक टोक लालला लावलं की दोन्ही पडदे एकाच दिशेने हलले पाहिजेत.

खरी गोम खरेदीच्या क्रमात होती. ४ + ४ चे दोन स्पीकर समसमान जोडले तर १, ४ किंवा १६ ओम मिळतात. २ ओम मिळतच नाहीत. २ + २ च्या दोघांचे अर्धा, २ किंवा ८. तेव्हा तुमचा मोनो ॲम्प्लिफायर २ ओमपर्यंतचा असेल तर २ + २ ची जोडी घ्या, माझ्यासारखा ४ ओमचा ब्रिज असेल तर ४ + ४ ची. आधी ॲम्प्लिफायरवरचा किमान ओम वाचा, मग स्पीकर निवडा.

आणि ज्यासाठी हा खटाटोप केला, त्याचाही हिशेब पाहा. ओम निम्मे केले आणि ॲम्प्लिफायरला ते पेललं, तर वॉट फार तर दुप्पट होतात, आवाज वाढतो ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट.