‘स्वराज्य’ शब्दाला लागलेली कात्री

१९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यान्वये १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथे सेन्सॉर बोर्डे स्थापन झाली. बोर्डाने प्रमाणपत्र दिले तरी जिल्हा दंडाधिकाऱ्यास ते स्थगित करून सरकारला कारणे कळविता येत.

१९२१ च्या ‘भक्त विदुर’मध्ये महाभारतातील विदुराच्या मस्तकी गांधीटोपी दिसली आणि मद्रास, कराची येथे चित्रपटावर बंदी आली.

पुढे कोल्हापूरच्या प्रभातने शिवचरित्रावर ‘स्वराज्याचे तोरण’ हा मूकपट काढला. महाराजांच्या भूमिकेत स्वतः व्ही. शांताराम होते. ‘स्वराज्य’ हा शब्द बोर्डास सलला. अखेर १९३० साली चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने पडद्यावर आला.

शीर्षकातून स्वराज्य वगळले गेले. उदय कशाचा, हा प्रश्न मात्र नव्या नावातच शिल्लक राहिला.