सात-तीनची जोड
आमचा मुलगा 'स्ट्रीट फायटर २' या १९९१ सालच्या खेळात झांगीफच घेतो आणि शेजारच्या पोराच्या गाईलकडून हरतो. "बाबा, ही जोडच सात-तीनची!" म्हणजे सारख्या तयारीच्या खेळाडूंच्या दहा लढतींत झांगीफच्या तीनच. सबब सांगतो म्हणून आम्ही त्याला झापले. मग कारकुनी सवयीने वहीत नोंदी ठेवल्या. गाईल लांबून 'सॉनिक बूम' फेकतो, झांगीफला पकडीसाठी जवळ जावे लागते. पोराचे म्हणणे खोटे नव्हते. पण २० पराभवांपैकी १३ उतावळ्या उडीचे निघाले. बूमसाठी गाईलला आधी दांडी मागे धरून ठेवावी लागते. तेवढ्या वेळात पुढे चालत जायचे, उडी नाही. वही त्याच्यापुढे ठेवली. झापले ते चुकले, हेही सांगितले. रविवारी पाचात दोन जिंकला.