गळती

माणसाचे केस गळतात, छप्पर गळतं, आणि पगार तर हातात पडायच्या आधीच गळतो. या तिन्ही गळत्यांची मला सवय आहे. चौथी मात्र वारशाने आली.

आमच्या अण्णांनी १९८४ साली मोटारसायकल घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही. म्हातारपणी कोण गळत नाही? तिच्यावरून ते रोज पेणहून नागोठणं, भिसे खिंड करत धाटावच्या एका कारखान्यात जात. २०१९ साली अण्णा गेले आणि गाडी ओटीसमोर उभी राहिली. रोज सकाळी तिच्याखाली रुपयाएवढा काळा डाग.

"विकून टाकू या, दादा," धाकटा म्हणाला. त्याने रोह्याला गिऱ्हाईकही पाहून ठेवलं. अट एकच, गळती बंद हवी.

मेकॅनिकला कशाला पैसे द्यायचे, म्हणून मीच पाना घेतला. दिसेल तो बोल्ट आवळला. तिसऱ्या बोल्टाला 'कट्' असा आवाज झाला. ॲल्युमिनियमचे आटे गेले. माझे आधीच गेलेत, असं घरात मत पडलं.

शेजारी गणपतीचा कारखाना आहे. पेणमध्ये कुणाच्या शेजारी नसतो? तिथला कारागीर हातातला ब्रश न ठेवता म्हणाला, "भाऊ, गळतंय कुठून ते बघितलंत का? थेंब खाली पडतो म्हणून भोकही खालीच असतं असं नाही."

मग इंजिन रॉकेलने धुऊन, कोरडं पुसून त्यावर सौ.ची टाल्कम पावडर शिंपडली. गाडी दहा मिनिटं चालू ठेवली. पांढऱ्या पावडरीत वरच्या टॅपेट कव्हरपासून काळी रेघ उतरली. कव्हर काढलं, तर आतलं पॅकिंग इतकं कडक झालेलं, की पेणचा पापडही त्याच्यापुढे मऊ! एका जाड लग्नपत्रिकेवर कव्हरच्या कडा ठोकून ठसा उमटवला आणि कात्रीने नवं पॅकिंग कापलं. वधूवरांची नावं इंजिनात गेली. संसार टिकाऊ होवो. शेलॅक लावणार तोच कारागीर ओरडला, "आधी पुसा! ओल्यावर रंग धरत नाही, तेलावर ते काय धरणार?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग. आता क्लचच्या बाजूने. ती बाजू बंद केली तर तिसरीकडून. शेवटी ब्रीदरची नळी काढून पाहिली. तिच्यात चिखलाचं घट्ट बूच. पिस्टन खाली आला की आतली हवा दाबली जाते. तिला वाट मिळाली नाही, की ती तेलाला घेऊन फटीफटीतून बाहेर पडते. हे मी सौ.ला मोठ्या ऐटीत समजावलं.

"म्हणजे कुकरची शिट्टी अडकली की कडेने आमटी येते, तसंच ना?" ती म्हणाली. "मग दोन दिवस मला का नाही विचारलंत?"

नळी साफ केली, ड्रेन बोल्टाचा वायसरही बदलला. तिसऱ्या सकाळी फरशी कोरडी ठणठणीत! मी आईला हात धरून बाहेर आणलं. ती बराच वेळ खाली बघत राहिली.

"पुसून टाकलास होय?"

"गळती बंद केली, आई."

"तुझे अण्णा उशिरा आले की ओव्हरटाइम होता म्हणायचे," ती म्हणाली. "सकाळी दूध आणायला जाताना मी पत्त्यांच्या अड्ड्यासमोर बघायची. डाग ताजा असायचा. जन्मात एकदा खोटं पचलं नाही बिचाऱ्यांना."

हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला आणि आत गेली.

रोह्याच्या गिऱ्हाइकाला मी कळवून टाकलं, 'क्षमस्व. गळती काही बंद होत नाही.' आणि खोटं बोलायला नको, म्हणून ड्रेन बोल्टाला जुना वायसर परत घातला.

आता दोन दिवसांनी एखादा थेंब पडतो. आई डाग बघते. मी ऑइलची पातळी बघतो.