उलटं पाणी

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. तरी वणी तालुक्यात जुगादजवळ, पैनगंगा वर्धेला मिळते तिथं, मी भरती पाहिली आहे. ती चंद्राच्या ओढीनं येत नाही, वर्धेच्या पुरानं येते.

पलीकडच्या तीरावर वढा. तिथल्या विठ्ठलाबद्दल आणि कार्तिकीच्या यात्रेबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. मला लिहायचं आहे ते मामाच्या वावराला लागून वाहणाऱ्या एका नाल्याबद्दल. गावचे लोक त्याला नुसतं नाला म्हणायचे. उन्हाळ्यात त्यात गुडघाभर पाणी नसे.

पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगरातून निघते, सहस्रकुंडाला कड्यावरून कोसळते, पूस, अरुणावती, खुनी पोटात घेते आणि इथवर येईतो तिची धाव सरलेली असते. जमीन जवळजवळ सपाट. वर्धा येते मुलताईकडून, सातपुड्यातून. तिकडं पाऊस आधी झाला की वर्धा आधी फुगते आणि पैनगंगेचं तोंड दाबून धरते. मागून येणाऱ्या पाण्याला पुढं वाट मिळत नाही. ते जागीच चढतं आणि जिथं खोलगट सापडेल तिथं, नाल्यानाल्यातून, गावाकडं परत निघतं. खळखळ नाही, लोंढा नाही. आभाळ कोरडं असतानाही येतं.

मामानं मला ते दाखवलं तो श्रावणातला दिवस होता. दुपार कलली होती. दोन दिवस आमच्याकडं थेंब पडला नव्हता, पऱ्हाटीला डवरे चालले होते. मामानं डवरा सोडला, बैल बाभळीला बांधले आणि मला नाल्याच्या काठावर उकिडवं बसवलं. तुराटीची एक काडी त्यानं पाण्याच्या कडेला चिखलात रोवली. मग म्हणाला, "त्या पानाकडं पाह्य."

पळसाचं एक वाळकं पान नदीच्या दिशेनं चाललं होतं. चालता चालता ते सुस्तावलं. थांबलं. देठाभोवती हळूच एक गिरकी घेतली आणि पुन्हा थांबलं. किती वेळ गेला कोण जाणे, मला तर श्वास घ्यायची भीती वाटत होती. मग ते पान आमच्याकडं येऊ लागलं. आमच्यासमोरून गावाच्या दिशेनं गेलं. काठावरच्या खेकड्यांच्या बिळांतून बुडबुडे निघू लागले, मुंग्या अंडी तोंडात धरून बांधावर चढल्या. मी काडीकडं पाहिलं तर तिचं बूड पाण्यात गेलं होतं.

"पाह्य, नाला चढून रायला," मामा म्हणाला. "तिकडं वर्धामाय भरली." मग उठून त्यानं गावाकडं तोंड करून हाळी दिली. त्या हाळीवर खालच्या आळीतले लोक गुरं सोडत, धान्याच्या कोठ्या वर चढवत. मामाला शाळा दुसरीपर्यंतच होती. पण पाण्याचं असं वाचन करणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

थांबलेलं पाणी गाळ टाकतं. समुद्राच्या तोंडाशी नद्यांनी जे केलं, तेच इथं लहान प्रमाणात होई. पाणी ओसरलं की वावरावर काळी, लोण्यासारखी साय उरे. खरीप गेला तरी त्या सायीवर हरभरा आणि जवस असा यायचा, की मामी पुराला कधी शिवी देऊ देत नसे. माघ-फाल्गुनात नदीच्या वाळूत डांगरवाड्या लागत.

हे पाणी पुढं प्राणहितेतून सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळतं आणि यानमच्या बाजूनं, अंतर्वेदीच्या बाजूनं बंगालच्या उपसागरात जातं. तिथं खारं पाणी जड म्हणून खालून आत घुसतं, गोडं वरून बाहेर पडतं, आणि मिठाच्या स्पर्शानं गाळाचे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. कोरिंगाची खारफुटी तशा गाळावर उभी आहे. त्यात आमच्या वावराची मातीही असणार, असं मी मनाशी धरून आहे. इंग्रजांना तर याच वाटेनं वऱ्हाडचा कापूस नावांतून समुद्राला न्यायचा होता. आर्थर कॉटननं धवळेश्वरमचा बंधारा बांधल्यावर वरची नदीही नावांसाठी खुली करण्याचं काम निघालं, पण वाटेतल्या खडकांनी दाद दिली नाही आणि 1871 मध्ये ते सोडून दिलं. मुकुटबनकडचा चुनखडक तर खुद्द एका पुरातन समुद्राच्या तळाशी साचलेला. म्हणजे समुद्र इथला परका नव्हे.

आता नदीकाठी कोळशाच्या उघड्या खाणी आहेत आणि खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर आहेत. उलटं पाणी पूर्वी जिथं पसरून दम घ्यायचं, ती जागा त्या डोंगरांखाली गेली. मामाचं वावरही खाणीत गेलं. त्याचं मला दुःख आहे, पण राग आहे तो एका कागदाचा. त्या कागदावर कुणीतरी लिहिलं होतं की ही जमीन पुराची, म्हणून हलकी. ज्या पाण्यानं तिला कस दिला, त्याच पाण्याच्या नावानं तिचा भाव पाडला. मामानं तो कागद माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतला. "हलकी?" एवढंच विचारलं.

पैसे आले, त्यात वणीत घर झालं. गावाकडून कुणी आलं की पावसाळ्यात मामाचा पहिला प्रश्न असे, नाला कोणीकडं वाहते? एकदा मावसभावानं सांगितलं की यंत्रं लावून नाला वळवला, सरळ काढून वर्धेत सोडला, आता भानगड मिटली.

मामा चिडला. "वर्धा भरली का सरळ नाला बी उलटाच वाह्यते," म्हणाला. "तिले कागद दाखवून थांबवसान काय?"

2022 च्या जुलैत वर्धा भरली. वणी तालुक्यातली नदीकाठची गावं पाण्यानं वेढली गेली, माणसं बोटींनी काढावी लागली. तोवर मामा राहिला नव्हता. त्या सरळ नाल्यातून पाणी वर चढलं तेव्हा काडी रोवून बसलेलं कुणी नव्हतं, आणि खालच्या आळीला ते दारात आल्यावर कळलं.