चारचौघांचे प्रमाण

आगोटीच्या सुमारास आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ रक्ततपासणीचा अहवाल घेऊन सपत्नीक माझ्याकडे आले. संध्याकाळी ‘थोडीशी’ घेण्याची त्यांची सवय साऱ्या गावाला ठाऊक. अहवालात एसजीपीटी ३८ आणि शेजारी छापलेली कमाल मर्यादा ४०. ‘‘फादर, सगळे नॉर्मल!’’ मीही ‘‘देवाची कृपा’’ म्हणत त्यांच्या पाठीवर थाप दिली. त्यांची पत्नी मात्र गप्पच होती.

ही चाळीसची रेषा कोणी ओढली? एका डॉक्टर मित्राने मला समजावले. यकृताच्या पेशींना इजा झाली, की हे विकर रक्तात अधिक उतरते. मर्यादा ठरवताना निरोगी दिसणाऱ्या अनेकांचे रक्त तपासतात, आकडे क्रमाने मांडतात आणि मधल्या ९५ टक्क्यांना ‘नॉर्मल’ म्हणतात. म्हणजे नॉर्मल याचा अर्थ चारचौघांसारखे! पण ते चारचौघेच आजारी असतील तर? हेपटायटिस ‘सी’चा विषाणू १९८९ साली ओळखला गेला, तोवर त्याचे कित्येक रुग्ण निरोगी म्हणूनच मोजले जात. यकृतात चरबी साठलेल्यांचेही तेच. २००२ साली इटलीतील दानिएले प्राती व सहकाऱ्यांनी प्रथमच रक्तदानास आलेल्या ६,८३५ जणांच्या नोंदींतून यकृतविकाराचा धोका कमी असलेले तेवढे निवडले. तेव्हा पुरुषांची मर्यादा ४० वरून ३० वर आणि स्त्रियांची ३० वरून १९ वर उतरली. रेषा खाली आणल्यास काही निरोगी माणसे उगाच धास्तावतील, हेही खरे. उलट यकृत पार निबर झाले तरी कधी कधी हा आकडा मर्यादेतच राहतो.

ऐकता ऐकता मला माझी ती थाप आठवली. प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी ‘‘फादर, सगळेच घेतात’’ हे शब्द मी कितीदा ऐकले आहेत! सदसद्विवेकबुद्धीची रेषाही आपण चारचौघांवरूनच ओढतो. या जगाच्या साच्यात स्वतःला बसवू नका, असे संत पौल रोमकरांना बजावतो. प्रभूने आपल्याला दिलेले माप गावाच्या सरासरीतून काढलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, ‘‘अहवाल राहू द्या. रोज किती घेता, ते सांगा.’’

त्यांनी मान खाली घातली. उत्तर त्यांच्या पत्नीने दिले. मी ते आदल्याच दिवशी विचारायला हवे होते.