एका वर्षाची दोन घरे

आपल्याकडे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलविले, तरी आयकराच्या हिशेबात फरक पडत नाही. शेतीचे उत्पन्न वगळता मिळकतीवरील कर हा केंद्राचा अधिकार. राज्य व्यवसाय कर घेते, तोही वर्षाला २,५०० रुपयांहून अधिक नाही. अमेरिकेत मात्र केंद्राचे विवरणपत्र वेगळे आणि राज्याचे वेगळे. टेक्सास, फ्लोरिडा अशी काही राज्ये वेतनावर कर घेतच नाहीत. बाकीची आपापल्या दराने घेतात.

२०२४ च्या मार्चमध्ये आम्ही तेथे आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाकडे मुक्कामास होतो. आदल्या जुलैत हे कुटुंब न्यू जर्सी सोडून इलिनॉयमध्ये आले होते. नोकरी तीच, कचेरी नवी. पण कंपनीच्या वेतन विभागाने वर्षअखेरपर्यंत कर न्यू जर्सीच्याच नावे कापला आणि वार्षिक वेतनपत्रावरही सारे वेतन त्याच राज्याचे दाखविले.

अशा वेळी दोन्ही राज्यांत ‘अंशकालीन रहिवासी’ म्हणून विवरण भरायचे असते. जुलैपर्यंतची मिळकत न्यू जर्सीची, पुढची इलिनॉयची. चुकून कापलेला कर पहिल्याकडून परत मागायचा आणि दुसऱ्याकडे भरायचा. ऐकायला सोपे वाटते. परंतु न्यू जर्सीचा दर चढता असून तो १.४ टक्क्यांपासून सुरू होतो. इलिनॉयचा सरसकट ४.९५ टक्के. मध्यम मिळकतीच्या कुटुंबाला खरे सांगणे महागात पडणार होते. “कागदावर सारे न्यू जर्सीचे आहे, तसेच राहू दे, कोण विचारणार?” असा सल्ला देणारे शुभचिंतकही भेटले. असे शुभचिंतक कोणत्याही देशात कमी नसतात. कैसर एकच असता तर आम्हीही चटकन उत्तर दिले असते. येथे दोन होते, आणि दोघांच्या वह्या निराळ्या.

त्या चर्चेत ‘डोमिसाइल’ हा शब्द वारंवार आला. आपल्याला तो दाखल्यापुरता ठाऊक. तेथे त्याचा अर्थ खोल आहे: जेथे कायम राहण्याचा इरादा आहे आणि बाहेर गेल्यास जेथे परतायचे, ते घर. इरादा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कर खाते भाडेकरार, वाहन परवाना, मुलांची शाळा असे पुरावे पाहते. हे समजावताना तो तरुण थांबला आणि म्हणाला, “परतायचे घर विचाराल, फादर, तर ते वसईला आहे.” त्याची पत्नी काही बोलली नाही. मुलगी शिकागोच्या हिवाळ्याबद्दल तक्रार करीत होती.

आम्ही सल्ला दिला नाही. कुणी मागितलाही नव्हता. त्याने मासिक वेतनपावत्या लावून तारखेनुसार वेतन विभागले, कंपनीकडून सुधारित वेतनपत्र मागविले आणि दोन्ही विवरणे भरली. इलिनॉयचा कर १५ एप्रिलपर्यंत द्यायचाच होता. विवरणासाठी मुदतवाढ मिळते, पैशासाठी नाही. न्यू जर्सीचा परतावा मागाहून यायचा होता. मधली रक्कम त्याने वसईच्या घराच्या कौलांसाठी ठेवलेल्या पैशांतून काढली.

त्या पावसाळ्यात त्याच्या आईवडिलांच्या घरावर निळे प्लास्टिक अंथरलेले आम्ही पाहिले. कौले नाताळाच्या आधी बदलली.